वरची फळी

१

शुक्रवारी खांडव्याला जायचं म्हणून निर्मलानं सोमवारीच ट्रंक भरायला काढली, आणि सोमवारपासूनच तिच्या डोक्याला ताप सुरू झाला. घरात माणसं इनमीन दोन, ती आणि तिचा सासरा लोटू साळी. त्यातल्या दुसऱ्या माणसानं ट्रंकेकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. लोटू मागघरात बसून शेला विणत होता. सकाळी चहा पिऊन बसायचा, दुपारी भाकरीपुरता उठायचा, हात धुऊन पुन्हा बसायचा. भांडी बांधायची आहेत, देव गुंडाळायचे आहेत, घर हलवायचं आहे, याची त्याला दादच नव्हती.

निर्मलाचा नवरा नंदकुमार महिन्यापूर्वी खांडव्याला पुरवठा खात्यात कारकून म्हणून रुजू झाला होता. त्याला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, दारात नळ, स्वयंपाकघराला खिडकी. पण एक तारखेच्या आत कुटुंब घेऊन राहायला आलं नाही, तर ते दुसऱ्याच्या नावावर जाणार होतं. शुक्रवारी दुपारी तो टांगा घेऊन येणार होता. बऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनातून चारची पॅसेंजर. हे पत्र निर्मलानं इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर कागद फाटायला आला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं तिनं सासूच्या चुलीवर, सासूच्या नजरेखाली, सासू सांगेल तेवढंच मीठ टाकून स्वयंपाक केला होता. आता कुठे स्वतःची चूल मिळत होती. ती चूल हातची गेली तर पुन्हा मिळायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सासू, म्हणजे रंभाबाई, चैत्रात गेली. तीन दिवसांचा ताप आणि खलास. तेव्हा हा शेला अर्धा मागावर होता.

शेल्याचीही एक तऱ्हाच होती. वरच्या अंगाला एक लहानसं संस्थान होतं. तिथल्या गादीवर दरसाल दसऱ्याला नवा जरीचा शेला पांघरायचा, आणि तो बऱ्हाणपुरातल्या याच घरातून जायचा. लोटूच्या आज्यापासून चाललेलं काम. यंदा ज्येष्ठात ते संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि तिथल्या कारभाऱ्यांचं पत्र आलं, की यापुढे शेल्याची गरज नाही. पत्र निर्मलानंच वाचून दाखवलं. एकदा नाही, दोनदा, आणि चांगलं मोठ्यानं.

"वाचलं ना? ठेव फडताळात," लोटू म्हणाला आणि विणायचा धोटा हातात घेतला.

"पण मामंजी, गादीच नाही राह्यली आता. शेला पांघरतील कोनाले?"

"अर्धा शेला मागावर सोडून जाते का कोनी?"

राजा गेला, दिवाण गेला, बाहेर सगळा देश नव्यानं मांडून झाला. फक्त लोटू साळ्याच्या मागघरात ही खबर पोचली नव्हती. निर्मलानं तेव्हा कपाळाला हात लावला होता, आज पुन्हा लावला आणि ट्रंकेत पातळं कोंबायला लागली.

२

सोमवारी दुपारी शेजारची मालूबाई आली. तिचा नवराही विणकर, पण तो साध्या लुगड्यांचा. निर्मलानं चुलीवर चहा ठेवला आणि सासऱ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. मालूबाईनं थोडं ऐकलं, मग म्हणाली, "पाहू तरी दे व तुह्या सासऱ्याचा शेला. पुन्हा कुठं पाहाले भेटते."

ती मागघरात गेली. निर्मला स्वतः तिकडे फारशी जात नसे. दुपारचं ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं फिरायची. तिचं माहेर दापोऱ्याचं. जात साळ्याची, पण वडिलांनी कितीतरी आधी माग मोडून केळी लावली होती. त्यामुळे मागाचं तिला ना कौतुक होतं ना फार कळत होतं.

मालूबाई लगेच बाहेर आली. चुलीशी न येता दारातच उभी राहिली.

"निर्मला, वरती कोन बसते व?"

"कोठं वरती?"

"फळीवर. दोऱ्या कोन ओढते?"

"कोनी नाही. आत्याबाई गेल्यापासून साधंच विनून राह्यले ते."

"साधं?" मालूबाई आवाज खाली आणून म्हणाली. "बाई, कमळं आहेत त्याच्यात. पाकळीन् पाकळी जरीची. एकट्या मानसाच्यानं होते का ते?"

एवढं निर्मलालाही कळत होतं. जरीचं फूल काढायचं तर मागाला दोन माणसं लागतात. एक खाली बसून विणतो. दुसरं डोक्यावरच्या आडव्या फळीवर बसतं आणि समोर टांगलेल्या दोऱ्या एकामागून एक ओढतं. दोरी ओढली की खालचे नेमके धागे उचलले जातात, मग त्यांच्याखालून जर जाते. दोरी नाही ओढली तर फूल नाही. त्या फळीवर रंभाबाई तीस वर्षं बसत होती.

"चहा तरी घे," निर्मला म्हणाली.

"राहू दे. सैपाक पडला आहे घरी," म्हणत मालूबाई निघून गेली. आता दुपारचे तीन वाजता कसला स्वयंपाक?

निर्मला चुलीशी तशीच बसून राहिली. आतून मागाचा आवाज येत होता. तिनं प्रथमच कान देऊन ऐकला. कर्र, खट्. कर्र, खट्. खट् म्हणजे फणी ठोकल्याचा आवाज. आणि त्याच्याआधीचा तो कर्र म्हणजे वरची फळी. वरच्या माणसानं दोरी ओढायला अंग मागं टाकलं की ती वाजायची. नऊ वर्षं हा आवाज घरात दिवसभर असायचा. इतका अंगवळणी पडलेला, की चैत्रानंतर तो बंद व्हायला हवा होता हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

३

निर्मला भित्री नव्हती. तिला आधी राग आला. म्हाताऱ्यानं काहीतरी क्लृप्ती काढली असणार. दोऱ्यांना वजनं बांधली असतील, नाहीतर पायाच्या अंगठ्याला सुतळी अडकवून ओढत असेल. नाहीतर गल्लीतला दगा कोष्टी मागच्या दारानं येऊन बसत असेल आणि सुनेला पत्ता नको म्हणून दोघं गप्प. ही शेवटची शक्यता तिला सगळ्यात पटली, कारण तिच्यात तिचा अपमान होता.

मंगळवारी सकाळी लोटू अंघोळीला गेला तशी ती मागघरात शिरली. फळीवर चढायला चार पायऱ्यांची एक शिडी होती. ती तिनं उचलली आणि स्वयंपाकघरात दारामागं उभी केली. मागच्या दाराला आतून कडी घातली, वर कुलूपही ठोकलं. आता पाहू म्हणाली, कोण कसं चढतं.

लोटू अंघोळ करून आला, मागावर बसला. शिडी नाही हे त्याला दिसलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. त्यानं धोटा उचलला. थोड्या वेळानं आवाज सुरू झाला. कर्र, खट्.

तव्यावरची भाकरी तव्यावर टाकून निर्मला उठली आणि मागघराचं दार उघडलं.

लोटू खाली बसला होता. दोन्ही हात जरीवर, दोन्ही पाय मागाखालच्या पावड्यांवर. अंगठ्याला सुतळी नव्हती. वर दोऱ्यांची दाटी, तिच्यामागं अंधार. आणि फळी मधोमध खाली वाकलेली होती. भरल्या पोत्यानं वाकते तशी. निर्मला एक पाऊल आत आली, आणि फळी हळूच सरळ झाली.

"दार लाव," लोटू म्हणाला. "जरीवर उजेड पडते."

"मामंजी, किती राह्यलं आता?"

"एक वीत पदर."

"शुक्रवारपर्यंत होईन?"

लोटूनं मान हलवली. चिडून नाही, एखाद्या दुखणेकऱ्याचं सांगावं तसं म्हणाला, "नाही होत. दमते ती आता. पह्यलेसारखं जल्दी नाही होत तिच्यानं."

ती कोण, असं विचारणं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. ते तिला नको होतं. तिला खांडवा हवा होता, नळ हवा होता, खिडकी हवी होती, आणि त्याच्या आड एक वीतभर पदर आला होता. म्हाताऱ्याला सोडून जावं तर लोक तोंडात शेण घालतील, आणि आईविना बापाला एकटं ठेवून नंदकुमार हलणार नव्हताच. निर्मलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तर मग मी ओढते!" ती म्हणाली. "शुक्रवारच्या आत पुरा करा म्हनजे झालं."

लोटूनं पहिल्यांदा मान वर केली. पण तिच्याकडे नाही, फळीकडे पाहिलं. जरा वेळ पाहत राहिला.

"बस मग," तो म्हणाला. "हरकत नाही म्हनते."

४

बुधवारी सकाळी निर्मलानं शिडी परत आणली आणि वर चढली. सासऱ्याच्या डोक्यावर सुनेनं पाय लोंबते सोडून बसायचं, म्हणजे माहेरी कळलं असतं तर आईनं तोंड लपवलं असतं. पण आता लाज धरत बसायची सोय नव्हती. तिनं पदर खोचला आणि फळीवर बसली.

फळीवर जुन्या गोधडीची घडी होती. घडीला बसून बसून खळगा पडला होता. निर्मला अंगानं किरकोळ. त्या खळग्यात ती अर्धीच भरली. दोऱ्या हाताला गुळगुळीत लागल्या. पाच महिने कुणी हात न लावलेल्या दोऱ्यांवर धूळ हवी होती. धूळ नव्हती. खोबरेल तेलाचा वास मात्र होता.

दोऱ्या म्हणजे तेलच लागतं, असं तिनं स्वतःला समजावलं.

"मी हं म्हनतो तवा ओढायची," लोटू खालून म्हणाला. "सोड म्हनतो तवा सोडायची. मधातच सोडली तर फूल मोडते."

"हं."

तिनं ओढली. दोरी जड होती, दोन्ही हातांनी मागं झुकावं लागलं. फळी कर्रकन वाजली. तो आवाज आपल्या अंगातून निघालेला ऐकून तिला कसंनुसं झालं. खाली जर गेली, फणी ठोकली गेली.

"सोड."

पहिल्या तासाभरात तिच्या तळहाताला फोड आले. तीनदा चुकीची दोरी धरली. लोटू योग्य दोरी हाती येईपर्यंत थांबून राहायचा. निर्मला मनातल्या मनात त्याला, शेल्याला, त्या संस्थानाला आणि ज्यानं कुणी पहिल्यांदा कमळ काढलं त्याला शिव्या मोजत होती. या चालीनं दिवाळी उजाडली असती.

दुपारनंतर काम एकदम सोपं झालं.

कसं झालं ते तिला नीट कळलं नाही. हात पुढं केला की हवी ती दोरी हातात यायची, शोधावी लागायची नाही. मग दोरी हलकीही झाली. विहिरीचा पोहरा ओढताना मागून कुणी दोराला हात लावावा, तशी. लोटूचं 'हं' तोंडातून निघायच्या आत फळी वाजायला लागली. संध्याकाळपर्यंत चार बोटं पदर झाला.

निर्मलाला बरं वाटलं, हेच खरं. भीती वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. असं चाललं तर शुक्रवारी गाडी गाठता येणार होती. मदत कुणाची हा हिशेब खांडव्याला गेल्यावर करू, असं तिनं ठरवलं आणि खाली उतरली. उतरताना गुडघे इतके दुखले की शेवटच्या पायरीवर तिच्या तोंडून "माय व" निघालं. तिचे गुडघे आजवर कधी दुखले नव्हते.

रात्रीची भाकरी खाताना लोटू म्हणाला, "आज वरण बराबर झालं." नऊ वर्षांत त्यानं सुनेच्या वरणाला बरं म्हटलं नव्हतं.

५

गुरुवारी सकाळी ट्रंक रिकामी होती.

पातळं फडताळात होती, भांडी मांडणीवर, देव देव्हाऱ्यात. डबे उंचीनं लावलेले, त्यांची तोंडं भिंतीकडे. रंभाबाईच्या हयातीत असायचे तसे. निर्मला ट्रंकेसमोर उभी राहिली, आणि तिला भीतीपेक्षा संतापच जास्त आला. तीन दिवस खपून भरलेली ट्रंक! तिनं सगळं परत आत कोंबलं. घडी नाही, काही नाही, ढकलून झाकण दाबलं आणि वर पाटा ठेवला. म्हातारा चळलाय, उठून सामान लावत बसतो, असं ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला तोच होता आणि तो गाढ झोपला होता.

मग ती फळीवर जाऊन बसली. पदर अजून आठ बोटं उरला होता. आज गोधडीच्या खळग्यात ती नीट बसली. जरासुद्धा जागा उरली नाही.

काम झपाझप चाललं. खालून हं, वरून कर्र, खालून खट्. बोलायचं काही कारणच उरलं नव्हतं. दुपारी कौलातल्या फटीतून एक उन्हाची तिरीप आली आणि दोऱ्यांवर पडली. निर्मलानं दोरी ओढून धरली होती. सहज तिची नजर हातांकडे गेली.

दोरीवर तीन हात होते.

दोन तिचे. फोड आलेले, हिरव्या बांगड्यांचे. तिसरा त्यांच्या मधोमध, तिच्या बोटांना बोटं लावून. त्याच्या मनगटावर गोंदणाचे पाच ठिपके होते. कातडी सैल, नखांत जरीची चमक. तो हात काही करत नव्हता. दोरी धरून होता, इतकंच.

"सोड," लोटू म्हणाला.

दोरी सुटली. निर्मलानं पुन्हा पाहिलं. दोनच हात. ऊन होतं, डोळे शिणले होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. एक माणूस एवढ्या कारणांनी तीन काय, चार हात पाहील. ती ओरडली नाही. ओरडली असती तर खाली उतरावं लागलं असतं, आणि पदर दोनच बोटं राहिला होता. थोडी कळ काढ, ती स्वतःला म्हणाली, उद्या दुपारपुरती, मग जन्मात या खोलीचं तोंड पाहायचं नाही.

संध्याकाळी ती चुलीशी बसली आणि उजवं मनगट पदराला घासत राहिली. पाणी लावून घासलं, राख लावून घासलं. तिथं काही नव्हतं, किंवा अंधारात दिसत नव्हतं.

६

शुक्रवारी टांगा गल्लीत आला तेव्हा पदराच्या शेवटच्या चार ओळी राहिल्या होत्या.

निर्मलानं घोड्याच्या घुंगरांचा आवाज ऐकला आणि तिचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद तिला लग्नातसुद्धा झाला नव्हता. चार ओळी गेल्या खड्ड्यात. शेला गेला, गादी गेली, सगळं गेलं तिकडे. ट्रंक भरलेली आहे, पातळ बदललं नाही तरी चालेल, अशीच्या अशी जाऊन टांग्यात बसायचं. हातात ओढलेली दोरी होती. तिनं ती सोडली.

हातांनी सोडली नाही.

तिनं पुन्हा सोडली. बोटं दोरीवर तशीच, घट्ट. हात तिला दिसत होते, दुखत होते, आपले वाटत होते. फक्त ऐकत नव्हते.

मागघराचं दार उघडलं आणि नंदकुमार उंबऱ्यावर आला. डोक्यावर टोपी, खांद्यावर प्रवासाची धूळ. उजेडातून आल्यामुळे त्याला आतलं नीट दिसत नव्हतं.

"बाबा, चला ना आता! टांगेवाला जल्दी करतो आहे. ट्रंक मी उचलतो. निर्मला कुठं आहे?"

निर्मला त्याच्यापासून चार हातांवर, वर फळीवर होती. अहो, मी इथं वर आहे, मला खाली घ्या. एवढंच तिला म्हणायचं होतं. नऊ वर्षं त्याला अहो म्हटलं होतं. चारचौघांत काय, एकांतातही त्याचं नाव घेतलं नव्हतं. तिनं सगळा जीव गोळा केला आणि तोंड उघडलं.

"नंद्या," तोंड म्हणालं, "टांगा परत पाठव."

आवाज घोगरा होता, सावकाश होता. हुकूम द्यायची ज्याला सवय आहे असा. नंद्या म्हणून त्याला हाक मारणारं माणूस जगात एकच होतं, आणि त्याला नंदकुमारनं चैत्रात स्वतःच्या हातानं तापीकाठी अग्नी दिला होता.

नंदकुमारनं मान वर केली. दोऱ्यांच्या दाटीत त्याला काय दिसलं कोण जाणे. त्याचा चेहरा पांढरा पडला, ओठ हलले, आणि मग हळूहळू तो चेहरा लहान पोराचा होत गेला. लोटूनं मान वर केली नाही. तो जर सारखी करत होता.

पळ, निर्मला आतल्या आत ओरडत होती. नाहीतर शिडी चढ आणि माझं मनगट धरून मला ओढ. काहीतरी कर! पण नंदकुमारनं आईचा शब्द कधी मोडला नव्हता. यावरून ती नऊ वर्षं त्याच्याशी भांडली होती.

त्यानं टोपी काढली आणि तो बाहेर गेला. टांगेवाला कुरकुरला. घोडा वळला, चाकं दगडावर आपटली, घुंगरांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आला आणि मग आला नाही.

"हं," लोटू म्हणाला.

तिच्या हातांनी दोरी ओढली.

नंदकुमार परत आला तेव्हा त्यानं बूट काढून ठेवले होते. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. वर बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"आई," खाली पाहतच त्यानं हलकेच विचारलं, "निर्मला कुठं आहे?"

वरून काय उत्तर येतं, ते ऐकायला निर्मलासुद्धा थांबली.